तेताचा श्वास

बुकोबा,
९ फेब्रुवारी १९९२

विहीणबाई मिंझा,

खुशाली विचारत नाही. तुमच्या घरी सगळं खुशाल असतं तर मला हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

माझी तेता डिसेंबरात रजेवर माझ्याकडे आली. बोटीतून उतरल्यावर धक्क्यापासून रस्त्यापर्यंत येताना दोनदा खाली बसली. छातीतून शिट्टी वाजत होती. तिशीतली बाई, स्वतः नर्स, आणि म्हातारीसारखी धापा टाकतेय! मी काय केलं? काही नाही. केळी शिजवून घातली, शेंगदाण्याचं कालवण केलं, सकाळी कॉफीच्या बागेत फिरवलं. आठवडा सरायच्या आत पोरगी अव्होकाडोच्या झाडावर चढून फळं काढायला लागली. नाताळात चर्चमध्ये इतक्या वरच्या पट्टीत गायली की पाद्री मान वळवून बघायला लागला. मी तिला तुमच्याकडे परत पाठवली ती अशी, ठणठणीत.

काल धक्क्यावर म्वान्झाहून आलेली मासेवाली भेटली. ती म्हणाली, तेता पुन्हा संध्याकाळी ओट्यावर वाकून बसलेली असते, बोलायलाही दम पुरत नाही. इथे बरी, तिथे आजारी. याचा अर्थ काय घ्यायचा ते तुम्हीच सांगा. तुमच्या घरात असं आहे तरी काय? कोळशाचा धूर? सुकी मासळी? की माणसंच अशी आहेत?

आमच्यात मुलीची आई जावयाच्या घरी मुक्कामाला जात नाही. म्हणून तुमचं फावतं. नाहीतर मी स्वतः येऊन तुमच्या पलंगाखाली बघितलं असतं.

तेताची आई,
कागेमुलो


म्वान्झा,
२२ फेब्रुवारी १९९२

कागेमुलोबाई,

पत्र पोचलं. वाचून हात धुतले.

मी शस्त्रक्रियेच्या विभागात हयात घालवली. निवृत्त झाले तरी किरुंबा वस्तीत मला अजून सिस्टर मिंझा म्हणतात, मकोयेची आई म्हणत नाहीत. आमच्या घरी कोळशाची शेगडी बाहेर ओट्यावर असते. मासळी डब्यात असते. जमीन सिमेंटची आहे, रोज पुसली जाते. तुमच्याकडे पाहुणे आले की खोलीत गवत अंथरतात आणि त्यावर बसून कॉफीची फळं चघळतात, हे मी लग्नात डोळ्यांनी पाहिलं आहे. गोठ्यातून आलेल्यांनी माझ्या पलंगाखाली बघायची भाषा करू नये.

आता तेताबद्दल. इस्पितळात परदेशी लोकांनी पोटात घालून बघायची नळी दिली आहे. आख्ख्या सरोवराकाठी दुसरी नाही. ती नळी सांभाळायला माझी सून निवडली, कारण मी शब्द टाकला. दिवसभर ती त्या खोलीत नळ्या धुते, हिरव्या पाण्यात बुडवते, काढते, पुसते. तिथे तिला काही होत नाही. मी मुद्दाम मेट्रनला विचारलं. मेट्रन माझ्याच हाताखाली शिकलेली आहे, खोटं बोलणार नाही. तिनं सांगितलं, डोळे जरा चुरचुरतात, शिंका येतात, बाकी काही नाही. ते हिरवं पाणी झोंबतंच. नाकाला झोंबलं की समजायचं खोली स्वच्छ आहे. हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवत आले.

म्हणजे कामावर ठीक. घरी येते, स्वयंपाकाची वेळ होते, की हिची धाप सुरू. मग मक्याच्या पिठाची उगाली मी ढवळायची आणि राणीसाहेब ओट्यावर वाकून बसणार. तुमच्याकडे काम नव्हतं, म्हणून धाप नव्हती. एवढं सरळ आहे. मुलीला लाडावून ठेवलं आहेत आणि वर मलाच जाब विचारता?

मिंझा


बुकोबा,
१४ मार्च १९९२

सिस्टर मिंझा,

(सिस्टर म्हटलं की तुम्हाला बरं वाटतं ना? घ्या.)

तुमच्याच हाताने लिहिलंत. दिवसभर इस्पितळात ठीक, तुमच्या दारात पाऊल टाकलं की धाप. मी तर एवढंच म्हणत होते. आता तुम्हीच पुरावा दिलात, आभारी आहे.

आणि कामचुकार कुणाला म्हणता? माझ्या तेताला? वडील गेल्यावर शाळेतून येऊन कॉफीची पोती पाठीवर वाहिलेली पोर आहे ती. तिच्या छातीत तेव्हा बैलाचा दम होता. तुमच्या मुलाशी लग्न केलं तेव्हाही होता. तुम्ही तिचा श्वास खाल्लात आणि वर तिलाच नाव ठेवता. लाज कशी वाटत नाही?

ऐका. मांजर असेल तर हाकला. गादी उन्हात टाका. भिंतींना ओल आहे का बघा. आणि स्पष्टच विचारते, उंबऱ्याखाली कुणी काही पुरलं आहे का? तुम्हा सुकुमा जमातीच्या लोकांत असल्या विद्येचे जाणकार गल्लोगल्ली आहेत असं आमच्याकडे म्हणतात. मी चर्चला जाणारी बाई आहे, मी विश्वास ठेवत नाही, पण विचारते.

ईस्टरपर्यंत वाट बघते. तोवर ती बरी झाली नाही तर तिचा मामा इशेन्गोमा येईल आणि तिला घेऊन जाईल. घेऊन गेला की ती परत येणार नाही. मग तुमचा मकोये आणि तुमची सिमेंटची जमीन, दोघं मिळून नांदा.

कागेमुलो


म्वान्झा,
२ मे १९९२

कागेमुलोबाई,

इशेन्गोमाला घरीच ठेवा. बोटीचे हेलकावे खाऊन त्याची कंबर दुखेल.

तुमची बाष्कळ यादी वाचून मी माझ्या घराची तपासणी केली. मांजर नाही. कधी नव्हतं. ओल नाही. उंबऱ्याखाली दगड आहे, कारण म्वान्झात सगळीकडे दगडच आहे, पुरायला जागा कुठे? तरीसुद्धा तुमचं तोंड बंद करायचं म्हणून मी ईस्टरच्या आधी कपडे धुण्याच्या साबणाने पूर्ण घर घासलं. कपाटामागचंही. या वयात गुडघ्यांवर बसून!

आणि काय झालं असेल? तेताची धाप थांबली. पूर्ण. ईस्टरला तिने माझ्यासोबत कोंबडी सोलली, भावकीतल्या बायकांबरोबर नाचली, मकोयेला टोमणे मारून मारून हैराण केलं. नळीचं यंत्र बिघडल्यामुळे त्या दिवसांत ती प्रसूतीच्या विभागात काम करत होती. तिथे तर जास्त धावपळ असते, तरी हूं नाही की चूं नाही. म्हणजे माझ्या घरात ती बरी राहू शकते, हे सिद्ध झालं. घर माझं, साबण माझा, हात माझे.

आता माफीचं पत्र पाठवा. नीट कागदावर लिहा, वहीचं फाडलेलं पान नको.

मिंझा


बुकोबा,
१९ जून १९९२

मिंझाबाई,

माफी? कशाची माफी? तुमच्या साबणाचा फेस किती दिवस टिकला?

माझ्या भाच्याने सांगितलं. तो व्यापाराला म्वान्झाला आला होता, तेताला इस्पितळाच्या फाटकावर भेटला. ओठ निळसर झालेत म्हणाला. चार पायऱ्या चढून भिंतीला टेकली. आणि तुम्ही मे महिन्यात मला विजयाचं पत्र पाठवता! ईस्टरला पाहुणे येणार म्हणून चार दिवस घर घासलंत आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा घाण साचू दिलीत. दाखवायची स्वच्छता असते तुमची.

पोरीला पत्र लिहिलं तर ती लिहिते, "आई, काळजी करू नकोस, दम लागला की तोंडात मारायचा फवारा मिळाला आहे, नळीचं यंत्र दुरुस्त झालं, काम खूप आहे." तिला तुमची भीती वाटते म्हणून ती खरं लिहीत नाही. सून आहे बिचारी. सासू शिपायासारखी डोक्यावर उभी, ती काय बोलणार?

इशेन्गोमा जुलैच्या अखेरीस निघतोय. मी त्याचे कपडे शिवायला टाकलेत. तेताला बोटीत बसवून आणायचं, एवढंच त्याला सांगितलं आहे. तुमच्याशी वाद घालू नको म्हटलं, कारण त्याचा हात लवकर उठतो.

कागेमुलो


म्वान्झा,
२१ जुलै १९९२

कागेमुलोबाई,

येऊ द्या तुमच्या भावाला. मी तयार आहे.

गेल्या आठवड्यात तेताला डॉक्टरने सक्तीची रजा दिली. महिनाभर घरी विश्रांती. दारुस्सलामहून छातीचा कुणी मोठा डॉक्टर येणार आहे, तो तिला तपासणार. रजेच्या पहिल्या दिवसांत तिला थोडं बरं वाटलं, जेवलीही. पण दाखवायची स्वच्छता असं तुम्ही लिहिलंत ना, ते माझ्या मनातून जाईना. घाण! मला! ज्या बाईच्या विभागात कधी एक टाका चिघळला नाही, तिला!

तेव्हा आता खरीखुरी स्वच्छता काय असते ते बघा. इस्पितळात नळ्या ज्या हिरव्या पाण्यात बुडवतात, ते जुनं झालं की ओतून देतात. माझ्या ओळखीच्या आयाने मला त्याचा कॅन भरून दिला. त्यात जंतूच काय, जंतूचा बापही जगत नाही. आज सकाळी तेता डॉक्टरकडे गेली तेव्हा मी तिच्या खोलीची जमीन त्याने पुसली. पलंगाच्या फळ्या पुसल्या. भिंती कंबरेपर्यंत पुसल्या. गादीचं कापड बुडवून पिळून वाळत घातलं. औषध मुरावं म्हणून खिडकी लावून घेतली. माझेच डोळे इतके वाहत होते की शेजारीण विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

आता ती खोली शस्त्रक्रियेच्या टेबलाइतकी स्वच्छ आहे. रोज संध्याकाळी ती झोपायच्या आधी पुन्हा पुसणार आहे. इशेन्गोमाला सांगा, यावं आणि बोट फिरवून बघावं. वाटलं तर चाटावं.

आणि या वेळी माफी घेतल्याशिवाय मी सोडणार नाही.

मिंझा


म्वान्झा,
३० ऑगस्ट १९९२

आई आणि सासूबाई,

एकच पत्र दोनदा लिहिते आहे, एक बुकोबाला, एक किरुंबाला. शब्दात फरक नाही. एकीने दुसरीला विचारायचं नाही, "तुला काय लिहिलं?"

मी जिवंत आहे. मकोयेने मला खोलीतून उचलून बाहेर नेलं नसतं तर नसते. इस्पितळात प्राणवायू लावला, सुया टोचल्या. मला फक्त एवढं आठवतं की श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता, आणि सासूबाई दारात म्हणत होत्या, "खिडकी लाव रे, वारा लागेल तिला." मामा आला तेव्हा मी खाटेवर होते. त्याला घेऊन जायला काही उरलं होतं का, हे तो डॉक्टरला विचारत होता.

छातीच्या डॉक्टरने मला एकच गोष्ट विचारली. कुठे असताना बरं वाटतं? मी दम्याच्या प्रत्येक रोग्याला हेच विचारते. स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आईकडे. म्हणाला, तिथे काय नसतं? मी म्हटलं, सासू. तो हसला. मग म्हणाला, आणि? मग मला ईस्टर आठवला. सासूबाई इथेच होत्या, घर हेच होतं, मासळी, कोळसा, जे म्हणाल ते होतं. फक्त नळीचं यंत्र बंद होतं. मी त्या खोलीत जात नव्हते.

ते हिरवं पाणी, ग्लुटाराल्डिहाइड. त्या खोलीला एक खिडकी होती, धूळ येते म्हणून चिकटपट्टीने बंद केली. टबाला झाकण नाही. त्याची वाफ माझ्या छातीत जाते. पण छाती लगेच आवळत नाही, कित्येक तासांनी आवळते. मी घरी आलेली असते, उगाली शिजत असते, तेव्हा. म्हणून तुम्हा दोघींना वाटलं घराचं काहीतरी आहे. म्हणून मलाही तसंच वाटलं. मी नर्स आहे आणि मलाही कळलं नाही. मी रोज त्या खोलीत जाऊन संध्याकाळी सासरला दोष देत होते. डॉक्टरने श्वासाचा जोर मोजायची, फुंकायची नळी दिली. बरी झाल्यावर एक दिवस कामावर जाऊन आणि मग सुट्टीत, दोन्ही वेळा फुंकून दाखवलं. काटा खोटं बोलला नाही.

एकदा छातीने त्या पाण्याशी वैर धरलं की मग थोडंही पुरतं, असं डॉक्टर म्हणाला. आणि मी घरी पडले होते, बरी होत होते, तेव्हा सासूबाईंनी माझी खोली, माझा पलंग, माझी गादी त्याच पाण्यात भिजवली. मला वास वेगळा आला नाही. माझ्या केसांतच तो वास असतो.

आता तुम्हा दोघींना सांगते. तुम्ही सहा महिने एकमेकींना पत्रं लिहिली. मकोयेने मला ती सगळी दाखवली, दोन्हीकडची, मामाने इथे येताना तुझ्याकडची पेटीत आणली होती, आई, तुझंच खरं आहे हे सिद्ध करायला. मी खाटेवर पडून वाचली. त्यात माझा श्वास होता, माझे ओठ, माझी गादी. पण मला कुणी काही विचारलं, असं एक वाक्य नाही. आई, तू घाण म्हणालीस म्हणून त्यांनी ते पाणी आणलं. सासूबाई, तुम्हाला मी नाही, तुमचं नाव स्वच्छ करायचं होतं. तुम्ही दोघींनी मिळून मला मारायला घेतलं होतं, आणि दोघींना वाटत होतं आपण मला वाचवतोय. मला तुमचा राग येतो. किती येतो ते लिहायला माझ्याकडे दम नाही.

मेट्रन म्हणते, नळीची खोली नको असेल तर राजीनामा दे, दुसरीकडे जागा नाही. बघू. मी नर्सिंग सोडणार नाही. जिथे ते पाणी तिथे मी नाही, एवढंच. मकोये आणि मी किरुंबा सोडलं. नवीन खोलीचा पत्ता देत नाही. आई, बोटीने कुणाला पाठवू नकोस. सासूबाई, डबा पाठवू नका.

तेता


बुकोबा,
१८ सप्टेंबर १९९२

मिंझा,

विहीणबाईही म्हणत नाही, सिस्टरही म्हणत नाही.

ज्या हातांनी टाके कधी चिघळू दिले नाहीत म्हणता, त्याच हातांनी माझ्या पोरीच्या गादीत विष मुरवलंत. आणि वर मला लिहिलंत, चाटून बघा! तुम्हाला ते पाणी काय आहे हे माहीत नसेल तर कुणाला माहीत असणार? मी कॉफी पिकवणारी बाई, मला कुठून कळणार? तुम्ही आयुष्य त्यात घालवलंत. डोळे वाहत होते ना तुमचे? शेजारीण विचारायला आली ना? तेव्हा तरी डोकं चालवायचं होतं!

तेताने मलाही दोष दिला आहे. तो मी घेतला. रोज घेते. पण माझ्या हातात शब्द होता, तुमच्या हातात कॅन होता. हा फरक देवासमोर मी सांगणार आहे.

आता ऐका. मेट्रन तुमच्या हाताखाली शिकली म्हणून फार मिरवत होतात. जा तिच्याकडे. माझ्या पोरीची नोकरी गेली तर मी पत्र लिहिणार नाही. मी येईन. जावयाच्या घरी मुक्काम नाही, पण इस्पितळाच्या फाटकावर बसायला मला कुणाची बंदी नाही.

कागेमुलो


म्वान्झा,
२६ नोव्हेंबर १९९२

कागेमुलोबाई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ते पत्र अजून चुलीत टाकलेलं नाही, एवढाच मान समजा.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी गेले नाही. मी आधीच गेले होते. पहिल्या वेळी मेट्रनने चहा पाजला आणि बाहेर काढलं. म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत, झोंबलं की खोली स्वच्छ. आता सुनेसाठी नियम बदलायचे का?" मी चहा अर्धा ठेवून उठले. घरी येईपर्यंत मी रस्त्यावर मोठ्याने बोलत होते, पोरं मागे लागली.

दुसऱ्या वेळी मी माझा जुना पांढरा गणवेश घातला. कंबरेला बसत नाही, मागे पिना लावल्या. थेट अधीक्षकाच्या खोलीत गेले. तो तरुण आहे, परदेशात शिकून आलेला, मला ओळखत नाही. मी म्हटलं, "साहेब, नळीच्या खोलीची पाहणी करायची आहे." गणवेश बघून उठला. मेट्रनही आली. खोलीत नवीन मुलगी होती, तेताच्या जागी आलेली. तिचे डोळे लाल, नाक वाहतंय, रुमाल तोंडाला. मी तिला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि त्या दोघांना म्हटलं, "बसा."

म्हणाले, का? मी म्हटलं, "ती मुलगी इथे सकाळपासून आहे. तुम्ही बसा थोडा वेळ." टबाजवळ खुर्च्या लावल्या. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. अधीक्षक आधी हसला, मग घसा खाकरला, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागला. मेट्रन म्हणाली, "सिस्टर, पुरे." मी म्हटलं, "नाकाला झोंबतं ना? म्हणजे स्वच्छ आहे." मग ती खोकायला लागली आणि थांबेचना. तेव्हा दार उघडलं. माझाही श्वास घरघरत होता, पण मी त्यांना दाखवलं नाही.

आता खिडकीची पट्टी काढली आहे. टबाला झाकण केलं, टब मागच्या उघड्या व्हरांड्यात हलवला. तेताला लसीकरणावर घेतलं, वस्त्यांत फिरायचं काम. मी अधीक्षकाला म्हटलं, ही मेहेरबानी नाही, तिची छाती तुमच्या खोलीने बिघडवली आहे. त्याने सही केली.

हे मी तुमच्यावर उपकार म्हणून लिहीत नाही. तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते बदललेलं नाही. तुमचा तो "घाण" शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि कॅनबद्दल तुम्ही जे लिहिलंत, तेही विसरणार नाही, कारण ते खरं आहे.

काल मी तिला पाहिलं. टेकडीवरच्या वस्तीत, त्या मोठ्या खडकांमधून लशीची पेटी खांद्याला लावून चढत होती. मी खाली रस्त्यावर होते. चढ उभा आहे, माझ्यासारखीला तर बघूनच धाप लागते. ती थांबली नाही. एकदाही कुठे टेकली नाही. वर पोचून बायकांशी हसून बोलली, तो आवाज मला खाली ऐकू आला. परत उतरताना अगदी माझ्यासमोर आली. मी म्हटलं, "तेता." तिने माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाला वाट द्यावी तशी बाजूला झाली, आणि गेली.

मकोये रविवारी येऊन भाजी ठेवून जातो. तिच्याबद्दल विचारलं की म्हणतो, ठीक आहे.

मला एकच विचारायचं आहे. तुमच्याशी ती बोलते का? तुम्हाला लिहिते का? लिहीत असेल तर निदान रात्री झोप लागते का तिला, एवढं कळवा.

मिंझा


बुकोबा,
१५ डिसेंबर १९९२

मिंझाबाई,

नाही.

मलाही लिहीत नाही. नाताळला येणार का म्हणून मी मकोयेकरवी विचारलं होतं. त्याने एका ओळीत कळवलं, यंदा जमणार नाही. यंदा असं लिहिलं आहे, म्हणजे कधीतरी जमेल, असं मी धरून चालले आहे. तुम्ही काय धरून चालायचं ते तुमचं तुम्ही बघा.

खडकांवर चढताना थांबली नाही, हे तुम्ही लिहिलंत. ते मी इशेन्गोमाला वाचून दाखवलं, मग शेजारणीला, मग घरात कुणी नसताना स्वतःला. तुमच्या हातचं काही मी एवढं वाचेन असं मला वाटलं नव्हतं. तिच्या अंगावर कोणता कांगा होता, चेहरा भरला आहे का, हे लिहायला तुम्ही विसरलात. तुम्हाला बघायला मिळतं, मला तेही नाही, आणि तुम्ही बघून काही धड सांगत नाही.

टेकडीकडे पुन्हा जा. समोर जाऊ नका, तिला राग येईल. लांबून बघा आणि मला लिहा. तिला जे लिहायचं होतं ते तिने लिहून झालं आहे. आता आपल्या दोघींना एकमेकींशिवाय कुणी उरलं नाही. याहून वाईट शिक्षा मला सुचली नसती.

कागेमुलो